आपलं पाणी आपण पिणाऱ्या बादल्या

पाली,
१२ फेब्रुवारी २०२३

नीला,

संक्रांतीच्या पत्रात मी तुला एकच गोष्ट इचारली होती. उन्हाळ्यात पंधरा दिवस पालीला येतीस का? तू चार पानं लिव्हलीस. रुद्रेशनं कापडाच्या दुकानाला काचेचं दार बसवलं ते लिव्हलं, रुचिका सूनबाईनं बाजरीचे उंडे केले ते लिव्हलं, आन् माझ्या सवालाचा जबाब सगळ्यात शेवटच्या ओळीत. "उन्हाळ्यात कसं जमेल गं, कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

मागल्या साली बी हेच. त्याच्या मागल्या साली बी हेच. दाजी गेल्याला साडेचार वर्षं होत आली, तवापासून तू केजच्या बाहेर पाय ठेवला न्हाईस. पाली काय परकं गाव हाय का? म्हायेर हाय तुझं. तुझ्या बापाच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसून आपण दोघींनी पाढे पाठ केले. मला फोनवर ऐकू आलं असतं तर फोनवर भांडले असते. कानाला मशीन लावलं तरी फोनमधी निस्ती शिट्टी वाजती, म्हणून कागद खराब करते.

सूनबाईला पाणी घालाया सांग म्हणलं तर तू म्हणतीस ती जास्त घालती. रुद्रेशला सांग म्हणलं तर तो इसरतो. बरं. आता ह्याच्यावर इलाज सापडलाय.

माझी नात सायली शेतकीच्या कॉलेजात शिकती ते तुला ठाऊक हाय. ती सुट्टीला आलती. तिला तुझं दुखणं सांगितलं. ती म्हणली, "आज्जे, कुंडीला आपलं पाणी आपण पिऊ द्यावं की." मला वाटलं थट्टा करती. मंग तिनं अंगणात करून दावलं. रंगाच्या दोन बादल्या घ्यायच्या. खालच्या बादलीत पाणी, वरच्या बादलीत माती. वरची खालच्या बादलीत बसवायची, पर मधी एक डबा पालथा ठिवायचा, म्हंजी खाली वीतभर जागा पाण्याला राहती. वरच्या बादलीच्या बुडाला भोकं पाडून सुती चिंध्यांच्या वाती खाली पाण्यात सोडायच्या. दिव्यात वात तेल ओढती तसं माती खालून पाणी ओढती. बाजूनं एक पायपाचा तुकडा खालपर्यंत घालायचा, त्यातनं आठवड्याला एकदा पाणी भरायचं. आन् खालच्या बादलीला वरच्या बुडाच्या जरा खाली एक भोक. भरलं की त्यातनं पाणी भाईर येतं, म्हंजी जास्त घालतो म्हणलं तरी जास्त होत न्हाई.

सायली म्हणती मातीत नारळाचा भुसा लागतो. तू काय ऐकू नको. आपली काळीभोर माती घाल. तिच्यासारखी माती दुनियेत न्हाई.

ह्या बारीला मला कारण नको, तारीख पायजे.

तुझी भांडकुदळ
छबू

•

केज,
१५ मार्च २०२३

छबू, शरणार्थ.

तुझं भांडण पोचलं. उत्तर द्यायला महिना लागला, कारण म्हटलं आधी करून बघावं आणि तुला खोटं पाडावं.

तुला माझी गच्ची माहीत नाही. तेवीस कुंड्या आहेत. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि तासभर टिकतं. ते पिंपात भरायचं, तिथून तांब्या तांब्यानं घालायचं. मार्च लागला की सकाळ-संध्याकाळ. एक वेळ चुकली तर पुदिना मान टाकतो. हे मी कुणाच्या गळ्यात घालू?

तर आमच्या मागच्या गल्लीतल्या बंकट पेंटरकडून मी बारा रिकाम्या बादल्या आणल्या. घासून घासून हाताची सालं निघाली. मग गॅसवर सळई तापवून भोकं पाडायला बसले. धूर आणि वास एवढा झाला की रुद्रेश गिऱ्हाईक सोडून वर पळत आला.

"आई, काय जळतंय?"

"काही जळत नाही. टोमॅटो लावतेय."

त्यानं माझ्या हातातली तापलेली सळई बघितली आणि खाली गेला. खाली जाऊन रुचिकाला काय म्हणाला देव जाणे, तेव्हापासून ती मला दोनदा विचारून गेली, "आई, बरं वाटतंय ना?"

वाती कशाच्या कराव्या ते कळेना. आधी परकराच्या नाड्या घेतल्या. पेल्यात कुंकवाचं पाणी केलं आणि त्यात टोक सोडून बघत बसले. नाड्या निघाल्या नायलॉनच्या, लाल रंग वर चढेचना. सुती कापड दुकानात ढीगभर आहे, पण ते कोरं, खळीचं. जुनं, धुऊन मऊ झालेलं पाहिजे. ह्यांचं एक धोतर पेटीत आहे. ते काढलं, कात्री हातात घेतली, आणि परत घडी घालून ठेवून दिलं. रुद्रेशचे दोन बनियन कापले. अर्ध्या तासात रंग टोकापर्यंत चढला! मी एकटीच टाळी वाजवली बघ.

सहा बादल्यांच्या जोड्या झाल्या. तुझी जगात भारी काळी माती भरली. टोमॅटो, वांगी, मिरच्या लावल्या. आठव्या दिवशी खालची पानं पिवळी. बाराव्या दिवशी माती नुसता गारा, हात घातला तर मनगटापर्यंत चिखल, आणि वास असा की कावळा बसेना. रोपं उपटून बघितली, मुळं सडून काळी झालेली. कोरफड हौसेनं एका बादलीत लावली होती, ती तर विरघळलीच.

तू खोटी पडलीस. पण मला आनंद झाला नाही, हे मात्र खरं. मला वाटलं होतं होईल.

तारखेचं पुढं बघू.

नीला

•

पाली,
२२ मार्च २०२३

नीला,

सायली पाडव्याला घरी आलीय, तिला तुझं पत्र वाचून दावलं. ती हसून हसून पडली. माझ्या तोंडावर म्हणली, "आज्जे, मी काय सांगितलतं आन् तू काय कळवलंस?" मी म्हणलं कान गेलेत माझे. ती म्हणली, "कान गेलेत, पर हट्ट न्हाई गेला."

चूक माझी हाय, कबूल. काळी माती पाणी धरून ठेवती, सोडत न्हाई. शेतात खाली जायाला जागा असती, बादलीत कुठं जाईल? मुळांना हवाच मिळाली न्हाई. आता नीट लिव्हते, सायली बाजूला बसून एक एक अक्षर बघती हाय.

नारळाचा भुसा दोन वाटे. चांगलं कुजलेलं शेणखत एक वाटा. जाड वाळू एक वाटा. काळी माती मूठभर, ती बी माझ्या समाधानासाठी. मातीवर वाळला पाला पसरायचा, म्हंजी वरून ऊन पाणी खात न्हाई. आन् कोरफड, कॅक्टस असल्या तहान नसलेल्या झाडांला ह्या भानगडीत घालायचं न्हाई. त्यांला कोरडं राहू दे.

आमच्या गल्लीतल्या अंगदची जीप रोज शिटं घेऊन केजवरून जाती. त्याच्यासंगट भुशाच्या चार विटा आन् आमच्या उकिरड्याचं खत पोतंभर धाडलंय. वीट पाण्यात भिजव, फुगून टोपलंभर व्हती. घाबरू नको.

आन् आनंद झाला न्हाई म्हणून लिव्हलंस, ते वाचून मला बरं वाटलं. म्हंजी तुझ्या बी मनात यायचं हाय.

छबू

•

केज,
१६ एप्रिल २०२३

छबू, शरणार्थ.

बस खाली, आणि तुझ्या नातीलाही बसव.

झालं! तीन आठवडे झाले आणि एकही पान पिवळं नाही. वांग्याला फुलं आलीत. पुदिना बादलीच्या काठावरून खाली लोंबतोय. आधी सहा जोड्या होत्या, बंकट पेंटरच्या बायकोनं नणंदेच्या घरून आणखी बादल्या आणून दिल्या, आता चौदा आहेत. बेलाचं झाड आणि उरलेली कोरफड तेवढी जुन्या कुंड्यांत ठेवली.

काही गोष्टी मी माझ्या डोक्यानं केल्या, त्या सायलीला सांग. पाणी किती उरलं ते बाहेरून कळत नव्हतं. म्हणून खराट्याची काडी थर्माकोलच्या तुकड्यात खोवली आणि पायपात सोडली. पाणी असलं की काडी वर, संपलं की खाली. तिच्या टोकाला लाल दोरा बांधलाय, जिन्यातूनसुद्धा दिसतो. दुसरं, आरोग्य खात्याची बाई डासाच्या अळ्या बघायला आली होती. बॅटरी घेऊन प्रत्येक पायपात डोकावली आणि म्हणाली, "काकू, हे तर चौदा हौद केलेत तुम्ही." मी त्याच दिवशी दुकानातली मलमल कापून प्रत्येक पायपाच्या तोंडाला आणि बाजूच्या भोकाला बांधली. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिला एक अळी सापडली नाही. उलट स्वतःसाठी कसं करायचं ते वहीत लिहून घेऊन गेली.

आता परीक्षेचं सांगते. झाडं खरंच माझ्यावाचून राहतात का ते बघायचं होतं. पाच तारखेला सगळ्या बादल्या भरल्या, हिरवी जाळी बांधली, गच्चीला कुलूप लावलं आणि किल्ली रुचिकाच्या हातात दिली. म्हटलं, "मी कितीही मागितली तरी नऊ दिवस द्यायची नाही." तिसऱ्या दिवशी मी मागितली. तिनं दिली नाही. पाचव्या दिवशी मी रागावले. ती म्हणाली, "आई, तुमचाच हुकूम आहे," आणि किल्ली बांगडीला बांधून स्वयंपाक करत राहिली. मला हसूच आलं.

दहाव्या दिवशी उघडलं. ऊन बघ कसलं चाललंय, आणि तरी चौदापैकी तेरा बादल्या हिरव्यागार. एका मिरचीची वात आत दुमडली होती, ती तेवढी गेली. टोमॅटोला सुपारीएवढी फळं लागलीत.

पोरी, तू आणि तुझी नात जिंकलात.

नीला

•

पाली,
२१ एप्रिल २०२३

नीला,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आन् मंग गल्लीत वाचून दावलं. बायडाबाई म्हणली, "ह्या बाईला हिकडं बोलवा, आमच्या वसरीत बी असलं करून देईल."

आता तर काय अडचण न्हाई ना? आमच्या बांधावरचा आंबा उतरायला आलाय. सहा मे, शनवार. सकाळची बीडची गाडी केजवरून निघती, ती पालीच्या फाट्यावर थांबती. मी फाट्यावर उभी राहते. पंधरा दिवसांचे कपडे आण. तुझ्यासाठी वसरीत खाट टाकलीय, तिथनं धरणाचं वारं येतं.

दोन ओळी लिव्ह, येते म्हणून. बास.

छबू

•

पाली,
८ मे २०२३

नीला,

शनवारी मी फाट्यावर उभी होते. तुझ्या दोन ओळी आल्या न्हाईत, तरी म्हणलं टपालाला उशीर झाला असंल. तीन गाड्या गेल्या. अंगदला जीप केजात थांबवून दुकानात बघून यायला सांगितलं. तो म्हणला, "काकू बऱ्या हायत, गल्ल्यावर बसल्यात."

म्हंजी कुंड्यांचं कारण कवाच नव्हतं. मला आत कुठंतरी ठाऊक होतं. कारण मी हाय.

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेला मीच तुला ओढून नेलतं. तू नगं म्हणत होतीस. मी दोन पत्रं लिव्हली, मंग सवता केजाला आले, तुझी पिशवी मीच भरली. आपण धबधब्याखाली पाय सोडून बसलो होतो, आन् तवाच तिकडं घरात दाजी गेले. तू माझ्यासंगट नसतीस तर त्यांच्याजवळ असतीस. साडेचार वर्षांत तू मला एक शब्द बोलली न्हाईस. पर आलीस बी न्हाईस.

तुझा राग खरा हाय. आता मी बोलवायची न्हाई. पत्र मातर लिव्हत जा. ते थांबलं तर मला जड जाईल.

छबू

•

केज,
१२ मे २०२३

छबू,

तुझं पत्र हातात घेऊन मी दिवसभर घरात हिंडले. रुचिकानं विचारलं तेव्हा तिला वाचायलाच दिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना आजच्या आज लिहा." म्हणून लिहायला बसले आहे.

तुझ्यावर राग? छबू, तुला असं वाटत होतं आणि तू इतकी वर्षं मला आंबे, खत, शिव्या सगळं पाठवत राहिलीस?

राग कुणावरच नाही. भीती आहे. कुणाला सांगण्यासारखी नाही, कारण सांगितली की खुळी वाटते. त्या दिवशी मी घरात नव्हते. डॉक्टर म्हणाले, काही मिनिटांत संपलं, मी असते तरी काही करता आलं नसतं. ते मला पटतं. पण मनात एक बसलंय की मी घर सोडलं की घरात काहीतरी होतं. रुद्रेश कापड खरेदीला लातूरला गेला तर मला काही वाटत नाही. मी कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीत गेले तरी पाय लवकर परत ओढतात.

कुंड्या मी मुद्दाम पुढं केल्या असं नाही. मला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. म्हणून तर त्या बादल्या जीव लावून केल्या. वाटलं, पाण्याची सोय झाली की मी सुटेन. नऊ दिवस गच्चीला कुलूप होतं ना, तेव्हा मला कळलं. झाडांची आठवण पाचव्या दिवसानंतर गेली. तरी मी घरातून बाहेर पडले नाही. सहा तारखेची पिशवी भरली होती. नऊवारी दोन, सहावारी तीन, औषधं, पूजेचं साहित्य. दारात चप्पल घातली आणि रुद्रेशच्या तोंडाकडे बघितलं. तो हिशेब करत होता, चांगला धडधाकट. मला एकदम वाटलं, आत्ता निघाले तर हा मला परत दिसणार नाही. चप्पल काढली आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

तुला फाट्यावर उभं केलं. ते मला माहीत होतं, तरी बसून राहिले. त्याची माफी मागते. यात्रेची माफी तू मागू नकोस. त्या धबधब्याखाली आपण हसत होतो, हे मी विसरले नाही. फक्त ते आठवायचं धाडस होत नाही.

नीला

•

पाली,
१७ मे २०२३

नीला,

पत्रासंगट एक जुना कागद हाय. आधी माझं वाच, मंग तो उघड.

यात्रेच्या आधी दोन हप्ते मला दाजींचं पत्र आलतं. मला फोनवर ऐकू येत न्हाई म्हणून त्यांनी लिव्हलं. तुला सांगू नका म्हणलं होतं, म्हणून मी सांगितलं न्हाई. यात्रेहून आल्यावर गंमत म्हणून सांगणार होते. मंग तसं झालं, आन् सांगता येईना. त्या घरात सगळे रडत असताना मी काय म्हणणार, "त्यांनीच पाठवलं"? मेलेल्या माणसावर ढकलल्यागत झालं असतं. पुढं वर्षं गेली आन् कागद पेटीत तसाच राहिला. तू म्हणशील, साडेचार वर्षं माझ्या नवऱ्याचं पत्र दाबून बसलीस. म्हण. मी ऐकून घेईन, ऐकू येत न्हाई तरी.

पर तुझं पत्र वाचून वाटलं, हा कागद माझा न्हाई. तुझा हाय.

छबू

[सोबतचा कागद. दुकानाच्या छापील पावतीच्या मागे, निळ्या शाईत.]

केज,
ता. ८.११.२०१८

छबूताईंना रेवणप्पाचा शरणार्थ.

पत्र लिहिण्यास कारण की, आपली मैत्रीण सात वर्षांत या घरातून आणि दुकानातून हललेली नाही. मी कुठे जा म्हटले की माझ्या जेवणाचे निमित्त पुढे करते. माझी भाकरी गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर ते कुणी बघत नाही. आपण म्हटल्यास ती ऐकेल. पौर्णिमेला कपिलधारला यात्रा आहे, आपण तिला बोलवावे, नको म्हणाली तर येऊन घेऊन जावे. मी लिहिले असे सांगू नये. नाहीतर मी पाठवतो आहे म्हणून हटकून राहील.

लग्न होऊन आली तेव्हा ती पालीच्या धरणाच्या, तुमच्या पोहण्याच्या, बोरं चोरण्याच्या गोष्टी सांगून हसायची. हल्ली ते हसणे ऐकायला मिळत नाही. तिकडे जाऊन हसून यावे, एवढीच इच्छा. घराची काळजी मी घेतो.

आपला,
रेवणप्पा

•

केज,
२० मे २०२३

छबू,

तो कागद मी वाचला. अक्षर तेच, 'ळ' काढायची ढब तीच. रुद्रेशला वाचायला दिला. त्यानं दुकानाचं काचेचं दार लावून घेतलं आणि तो परत पहिल्यापासून वाचला.

तुला काय म्हणू? रागावायला बसले आणि राग आला नाही. चार वर्षांपूर्वी हा कागद आला असता तर मी तो फाडला असता, असं वाटतं.

तेव्हा ह्यांचं जेवण होतं, आता कुंड्या. माणूस बदललं नाही, फक्त निमित्त बदललं.

मंगळवारी, तेवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं निघते. रुद्रेश गाडीत बसवून देतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, बसवून दे आणि गाडी सुटेपर्यंत थांबू नको, नाहीतर मी उतरेन.

फाट्यावर ये.

नीला

•

केज,
२ जून २०२३

आईंना सा. न. वि. वि.

अंगददादांच्या जीपमधून तुमच्या गोळ्या आणि चष्म्याची दुसरी फ्रेम पाठवते आहे. त्यात ही चिठ्ठी.

फोनवर मी फक्त "जेवलात का" विचारते आणि तुम्ही "हो" म्हणता, मग दोघी गप्प. म्हणून लिहिते. एक गोष्ट कबूल करायची आहे. तुम्ही म्हणाला होतात, आठवड्यातून एकदा वर जा, लाल दोरा खाली गेला असेल तर पाणी घाल आणि खाली ये. मी रोज जाते. पाणी घालायला नाही, नुसती बसायला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण ती गच्ची तुमची म्हणून मी कधी तिथं बसले नव्हते. सकाळी सातला वर काय गार असतं, मला माहीतच नव्हतं.

वानरांची टोळी आली होती. वांग्याच्या दोन बादल्या कलंडवल्या. मी काठी घेऊन गेले, पण त्यांच्या म्होरक्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच दारामागं गेले. मग ह्यांना बोलावलं. ह्यांनी बादल्या उभ्या करून दिल्या, वाती नीट लावल्या. एक रोप मोडलं, एक जगलं. टोमॅटो लाल झालेत, एकवीस मोजले. तुम्ही याल म्हणून तोडले नाहीत.

घरात सगळं ठीक आहे. खरंच ठीक आहे. ह्यांना आज थोडी सर्दी होती, तीसुद्धा लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की मी काही लपवते.

मंगळवारी येणार ना?

रुचिका

•

पाली,
४ जून २०२३

चि. रुचिकास आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी छबूनं आधी वाचली. तिच्या घरी आलेलं टपाल तिचंच असतं, असा तिचा कायदा आहे. ती म्हणाली, "सून हुशार हाय, सर्दी बी लिव्हली." मी तिला सांगितलं, म्हणूनच माझी सून आहे ती.

पहिले दोन दिवस मी सारखी फोन हातात घेऊन बसले होते, हे तुला कळलंच असेल. गाडी मांजरसुंब्याला थांबली तेव्हा कपिलधारच्या फाट्याकडे बघू नये म्हणून मी डोळे मिटून घेतले. शेजारची बाई म्हणाली, "आजी, गाडी लागतीय का?" तिनं मला लिंबू दिलं. मी ते पालीपर्यंत हातात धरून बसले. उतरले तर छबू अर्ध्या तासापासून उन्हात उभी. तिनं माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "एवढी जड? दगड आणलेस का?"

आता बरं आहे. सकाळी धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जाते. पाणी खाली गेलंय, पण आहे. काल आम्ही काठावर पाय सोडून बसलो आणि छबूनं बोरं चोरल्याची जुनी गोष्ट काढली. तिनं ती इतक्या मोठ्यानं सांगितली की पलीकडचे गुराखी वळून बघायला लागले. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना. मी हसले, छबूही हसली, मग मला रडू आलं, मग परत हसू. ती म्हणाली, "बास कर, लोक म्हणतील ह्या दोन म्हाताऱ्यांनी सकाळीच घेतली."

टोमॅटो तोड. माझ्यासाठी ठेवू नको, पिकून गळून जातील. चटणी कर, रुद्रेशला आवडते, आणि दोन बंकट पेंटरच्या बायकोला दे. वानरं परत आली तर काठी नको, वाटीभर फुटाणे पलीकडच्या पत्र्यावर टाक, तिकडं जातील. सकाळी वर बसताना माझा लाकडी पाट घे, जमीन ओली असते. चहा वरच घेऊन जात जा. मी तसंच करायचे.

मंगळवारी येणं होणार नाही. आल्यापासून बायडाबाईंच्या वसरीत चार बादल्या करून दिल्या, त्या बघून कडूबाई आल्या, मग आणखी कोणी. काल संध्याकाळी अंगणात नऊ जणी जमल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात जुना बनियन किंवा लुगड्याचा तुकडा. सायलीनं मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "आज्जी, तुम्ही सांगा, मी भोकं पाडते." एवढ्या बायका बघून मी आधी पदर सारखा केला. मग कुंकवाचं पाणी मागवलं आणि वात सोडून दाखवली. सगळ्या वाकून बघत होत्या. रंग चढला तेव्हा कडूबाई ओरडल्या, "चढलं गं बाई, चढलं!"

अजून सतरा बादल्या राहिल्यात. त्या झाल्या की येते.

आई